एका आडनावाची सोयरीक

आमच्या लेकीनं पसंत केलेल्या मुलाचं आडनाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर निम्मा डेन्मार्क उठून म्हणेल, या बाईनं आमच्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली. तिकडे ते आडनाव पैशाला पासरी आहे. गर्दीत दगड मारला तर तो त्याच आडनावाच्या माणसाला लागेल, त्याला दवाखान्यात नेणाराही त्याच आडनावाचा निघेल आणि टाके घालणारा डॉक्टरही. अर्थ म्हणाल तर साधा आहे: अमक्याचा मुलगा. हा अमका कोण, कुठला, त्यानं आयुष्यात काय दिवे लावले, कुणालाच ठाऊक नाही. पण त्याची नातवंडं, पणतवंडं आणि पुढच्या साऱ्या पिढ्यांतल्या बायकासुद्धा स्वतःला त्याचा मुलगाच म्हणवून घेतात. लेक म्हणते, यात हसण्यासारखं काय आहे? मला तर बरंच काही सापडतं.

मुलगा गुणी होता. इथं सिंगापुरात क्लेमेंटीला खोली भाड्यानं घेऊन राहायचा आणि तिथल्या विद्यापीठात समुद्रातल्या शेवाळावर संशोधन करायचा. उंची इतकी, की चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरात येताना त्याला मान वाकवावी लागे, त्यामुळे तो होता त्याहून जास्तच नम्र वाटायचा. आमटी वाटीला तोंड लावून प्यायचा, भाकरी हातानं मोडायचा आणि जेवण झालं की स्वतःचं ताट उचलून घासायला न्यायचा. माझ्या नवऱ्यानं संसाराच्या एवढ्या वर्षांत हे शेवटचं काम एकदाही केलेलं नाही, ते मी त्याला सगळ्यांसमोर ऐकवूनही घेतलं. मुलाच्या इथल्या कामाची मुदत संपत आली होती, पुढची नोकरी त्याच्या देशात ठरली होती आणि लेक लग्न करून त्याच्याबरोबर जायचं म्हणत होती. मी हो म्हटलं. मी म्हटलं म्हणून नवऱ्यानंही म्हटलं. राहता राहिले माझे बाबा.

बाबांचा होकार हवाच, ही अट लेकीची स्वतःची. जन्मली सिंगापुरात, शिकली इंग्रजीत, पण जे काही मराठी बोलते ते आजोबांमुळे. लहानपणी दर रविवारी ते पुण्याहून व्हिडिओवर तिला समोर बसवून गोष्टी सांगायचे आणि मग तिच्याकडून वदवून घ्यायचे. तिच्या मराठीला मधूनच इथल्या इंग्रजीतल्या 'लाह'चं शेपूट असतं, तेही ते खपवून घेतात. मी एखादा इंग्रजी शब्द वापरला तर मात्र भुवया वर जातात. आजोबांनी मनापासून हो म्हटल्याशिवाय तारीख धरायची नाही, असं तिनं त्या मुलाला सांगून टाकलं होतं. आणि तोही बिचारा आनंदानं हो म्हणून बसला होता. पुढे काय वाढून ठेवलंय, त्याला काय कल्पना.

बाबा नोकरीला होते वीज खात्यात, पण जीव होता तो आमच्या समाजाच्या विवाह मंडळात. शनिवार-रविवार शाळेच्या एका रिकाम्या वर्गात, मुलांच्या बाकावर अंग चोरून बसून, त्यांनी निम्म्या पुण्याची लग्नं जुळवली असावीत असं त्यांचं म्हणणं आहे. माणूस भेटला की पहिला प्रश्न आडनाव, दुसरा मूळ गाव, आणि दुसरा चहा येईपर्यंत तो माणूस आमचा कुणीतरी लागतो. आई गेल्यापासून पुण्यात थंडी पडली की ते आमच्याकडे येतात, आणि इथंही त्यांनी हा उद्योग सोडलेला नाही. चांगी बिझनेस पार्कमधले माझ्या नवऱ्याचे साहेब त्यांनी दहा मिनिटांत माझ्या मावशीच्या नणंदेच्या सासरचे ठरवले. साहेब तेव्हापासून आमच्याकडे यायचं टाळतात.

तर अशा माणसाला नातीनं पसंत केलेल्या मुलाचं आडनाव कळल्यावर काय होणार? त्यांनी टॅबलेट मागून घेतला. त्या आडनावाच्या नामवंतांचं एक पान त्यांना सापडलं आणि दोन दिवस ते त्यात बुडून गेले. चष्मा कपाळावर, बोट पडद्यावर. कुणी मंत्री, कुणी चित्रकार, कुणी बर्फात हिंडून आलेला, कुणी गाणारी बाई, सायकली पळवणारे, आणि चेंडू खेळणारे तर पोत्यानं. कुणीतरी एक तुरुंगात जाऊन आलेलाही होता. तिथं बाबांनी बराच वेळ थांबून मान हलवली. घराणं कर्तबगार आहे, असा निकाल त्यांनी दिला. मात्र इतकी माणसं खेळाकडे का वळली, घरची शेती नव्हती की काय, हे त्यांना विचारायचं होतं.

मी त्यांना सांगायला गेले की हे सगळे एकमेकांचे कुणी नसतील. बाबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी स्वयंपाकघरात निघून गेले. आडनाव एक म्हणजे भावकी एक, हे त्यांना शिकवायला कुणी लागत नाही, आणि माझ्यासारख्या दिवसभर बँकेचे हिशेब करणारीनं तर मुळीच शिकवू नये.

रविवारी दुपारी मुलगा जेवायला आला. मी श्रीखंड-पुरीचा घाट घातला होता. बाबा ठेवणीतला सदरा घालून टेबलाच्या टोकाला बसले, आणि लेक दुभाषी म्हणून मध्ये. भाताची पहिली वाढ होते न होते तोच चौकशी सुरू झाली. ते मंत्री तुमचे कोण? कुणी नाहीत. चित्रकार? नाही. बर्फातले? तेही नाहीत. मग बाबांनी आवाज खाली आणून, कुणाच्या घरात काय नसतं अशा समजूतदार सुरात, तुरुंगातल्या गृहस्थांबद्दल विचारलं. मुलगा म्हणाला, त्यांचीही ओळख नाही. बाबा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले की यांच्या भावकीत फूट दिसते, बांधावरून काहीतरी झालेलं असणार. एवढ्या मोठ्या माणसांना कुणी उगाच ओळख नाकारत नाही.

लेक हसू दाबत होती. आपणही काही सांगावं, म्हातारबुवांना बरं वाटेल, असं मुलाला वाटलं असावं. मोठ्या उत्साहानं त्यानं घरची एक गंमत सांगितली. त्याच्या आईबापाचं लग्न झालं तेव्हा दारावरची पाटीसुद्धा बदलावी लागली नव्हती. लेकीनं भाषांतर करायला तोंड उघडलं आणि मध्येच अडखळली.

"आजोबा, म्हणजे... त्याच्या आईचं पण सेम आडनाव. लग्नाच्या आधीपासून. तिकडे व्हेरी कॉमन आहे लाह."

बाबांचा पुरीचा घास ताटात परत आला. मुलाचा रंग त्यांना चालला होता. तो काय काय खातो ते त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं आणि 'आपापल्या मुलखाची रीत' म्हणून पोटात घातलं होतं. त्याची देवावर श्रद्धा नाही, यावरही ते म्हणाले होते की पुष्कळांची नसते, फक्त सांगत नाहीत. पण एका आडनावात सोयरीक! भावा-बहिणीचं लग्न! आणि त्यातून झालेला हा मुलगा समोर बसून श्रीखंड मागून घेतोय! बाबा उठले, हात धुतले आणि खोलीत जाऊन बसले. मुलानं विचारलं, तिखट लागलं का त्यांना? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

संध्याकाळी निकाल आला. मुलगा चांगला, माणूस म्हणून काही बोट ठेवायला जागा नाही, पण एका भावकीतलं लग्न आपल्यात चालत नाही आणि अशा लग्नातल्या मुलाला आपण मुलगी देत नाही. विषय संपला.

लेक रडली नाही, चिडलीही नाही; ती कामाला लागली. मुलालाही लावलं. त्यानं आईवडिलांना फोन करून दोन्हीकडची मुळं खणून काढली. बापाकडचे लोक देशाच्या पश्चिम टोकाचे, आईकडचे पूर्वेच्या एका बेटावरचे, मध्ये चक्क समुद्र. नकाशा काढून लेकीनं तो आजोबांना दाखवला. बाबांनी नकाशा नीट पाहिला. म्हणाले, समुद्राचं काय घेऊन बसलीस, आपले लोक अटकेपार गेले होते, म्हणून आडनाव बदललं का?

त्यात त्यांना एक साथीदार मिळाली. आमच्याच मजल्यावर एक चिनी आंटी राहतात, सत्तरीच्या पुढच्या. सकाळी कॉरिडॉरमध्ये कुंड्यांना पाणी घालतात. त्यांचंही आडनाव असं की या बेटावर दर दहा दारांमागे सापडावं. बाबांना इंग्रजी वाचता चांगलं येतं, बोलता बेताचं, आंटींचं उलटं. तरी त्या दोघांनी हा विषय कसा गाठला देव जाणे. मी कामावर निघाले होते तर दोघं कठड्याला टेकून उभे, आणि आंटी पाण्याचा झारा हलवत ठासून सांगत होत्या, सेम सरनेम, कॅनॉट. त्यांच्याकडेही जुन्या काळी तसंच होतं म्हणे. बाबांचा चेहरा उजळला. बघ, म्हणाले, एवढी जुनी संस्कृती, तीही हेच सांगते.

आंटींचं पुढचं बोलणं मात्र त्यांनी भाषांतर करून घेतलं नाही, ते मी करून दिलं. तरुणपणी आंटींना एक मुलगा आवडला होता, त्यांच्याच आडनावाचा. बाप कॅनॉट म्हणाला. मग दुसऱ्याशी लग्न केलं, वेगळ्या आडनावाच्या. तो पण नो गुड. बाबा म्हणाले, तो भाग वेगळा.

शेवटी नवरा मैदानात उतरला. तो सहसा असल्या भानगडीत पडत नाही, पण लेकीपुढे त्याचं काही चालत नाही. त्यानं कुठूनतरी सगळा इतिहास वाचून काढला आणि सासऱ्यांपुढे मांडला. पूर्वी त्या लोकांत आडनाव नव्हतंच. प्रत्येक जण आपल्या नावापुढे आपल्या बापाचं नाव लावायचा, जसं आपण मधलं नाव लावतो. मुलाला 'अमक्याचा मुलगा', मुलीला 'अमक्याची मुलगी'. दर पिढीत नाव बदलायचं. मग सरकारला ते झेपेना, हुकूम निघाला की आता आहे ते नाव कायम धरा. तेव्हा ज्याचा बाप जो होता तो त्या घराला कायमचा चिकटला. आता एका गावात एकाच नावाचे दोन बाप असले तर त्यांची पोरं भावंडं होतात का?

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं. पटलंही असणार, कारण ते एकदाच म्हणाले, "म्हणजे आपलं मधलं नाव गोठवलं." इतकं नेमकं आम्हा कुणालाच सांगता आलं नव्हतं. आणि मग उपरणं झटकल्यासारखा हात झटकून म्हणाले, तरी पण रीत ती रीत.

मला राग आला. मुलाच्या परतीच्या विमानाचं ठरलं होतं, लेकीनं आजोबांशी बोलणं कमी केलं होतं, घरात जेवणाच्या वेळी भांड्यांचाच तेवढा आवाज. एमआरटीच्या मेट्रोत बसून बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना मी मनातल्या मनात बाबांशी भांडत होते. आणि भांडता भांडता मला एक जुनी गोष्ट आठवली. मी कॉलेजात असताना मंडळात एक जोडी आली होती, मुलगा-मुलगी एकाच आडनावाचे, दोघांचं एकमेकांवर मन. दोन्ही घरांनी हात टेकले होते. बाबांनी काय करावं? मुलगी रीतसर मामाच्या मांडीवर दत्तक दिली, तिचं आडनाव बदललं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मांडवात बार उडवून दिला. घरी येऊन आईला म्हणाले होते, रीत अडवायला नसते, वाट दाखवायला असते.

म्हणजे हा अडसर त्यांनी स्वतः एका दुपारीत काढला असता. मग काढत का नव्हते?

दुसरी गोष्ट लगेच मागोमाग आली. मंडळात येणाऱ्या मुलींच्या बापांना बाबा एक गोष्ट आवर्जून शिकवत. नकार द्यायचा तर खरं कारण सांगू नये. मुलगा काळा आहे, सासू खाष्ट आहे, घर लहान आहे, हे कशाला बोलून दाखवा? पत्रिका जमत नाही म्हणावं. पत्रिका जमतच असेल तर देवक एक निघालं म्हणावं. कुणाचा अपमान नाही, कुणाला वाईट वाटत नाही. सगळ्यांना कळतं आणि कुणी विचारत नाही.

बाबा ते आमच्यावरच वापरत होते! आणि आम्ही मूर्खासारखे नकाशे काढत बसलो होतो, डेन्मार्कचा इतिहास उगाळत होतो. मंडळात आलेल्या सगळ्या बापांना ते कळायचं, त्यांच्या पोटच्या पोरीला कळलं नाही. मला हसू आलं. शेजारच्या सीटवरची बाई जरा सरकून बसली.

शनिवारी सकाळी मी बाबांना खाली कॉफीशॉपमध्ये घेऊन गेले. तिथली घट्ट दुधाची कॉफी, इथल्या भाषेत कोपी, त्यांना फार आवडते, घरी मात्र पुण्यात कुणाला सांगू नको म्हणतात. पंख्याखालचं टेबल मिळालं. मी दोन कोपी आणल्या, एक बशी त्यांच्यापुढे ठेवली, कारण ते अजून बशीत ओतूनच पितात आणि आजूबाजूचे म्हातारे चिनी लोकही तसेच पीत असल्यानं त्यांना तिथं घरच्यासारखं वाटतं. त्यांचा पहिला घोट झाल्यावर मी सरळ म्हटलं, बाबा, मला पत्रिका सांगू नका, खरं कारण सांगा.

त्यांनी बशी खाली ठेवली. चोरी पकडली गेल्याचं हसू चेहऱ्यावर आलं आणि जरा वेळानं गेलं.

मला वाटलं होतं ते म्हणतील, पोर फार लांब जाईल, मला भेटायला येता येणार नाही. त्याला उत्तर मी तयार ठेवलं होतं. तिकिटं आम्ही काढू, व्हिडिओ आहेच, उन्हाळ्यात तिकडे हवा छान असते. पण ते तसं काही म्हणालेच नाहीत. म्हणाले, पोरीला लांब पाठवायला त्यांची ना नाही. पोरगी जाईल, रमेल, तिच्या वयात माणूस कुठंही रमतं. तिची काळजी त्यांना नव्हतीच.

"तू लग्न होऊन इकडे आलीस," ते म्हणाले, "तेव्हा तुझी आई रोज जेवायला तीन ताटं घ्यायची. सवयीनं. मी काही बोलायचो नाही, तिसरं उचलून ठेवायचो. मग एक दिवस तिनं दोनच घेतली. तो दिवस फार वाईट गेला बघ."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईनं तर नाहीच. आई फोनवर मला रोज विचारायची, आज काय केलंस गं जेवायला, आणि मला वाटायचं तिला दुसरा विषय सुचत नाही.

बाबा टेबलावर सांडलेलं दूध कागदानं पुसत होते. पुसून झालं तरी पुसत होते. म्हणाले, आता ते सगळं तुझ्या घरात होणार. जावई बाहेर असतो, तू एकटी ताटं घेणार. दुसऱ्या कुणाच्या घरात झालं असतं तर मी लग्न जुळवून मोकळा झालो असतो, आजवर तेच केलं. पण तुझ्या घरात मला ते बघवणार नाही. म्हणून म्हटलं, आडनावावर ढकलावं. कुणाचं मन मोडत नाही.

शेजारच्या टेबलावर कुणीतरी टोस्ट मागवत होतं, ताटल्या वाजत होत्या. बाबांचा हात मी धरला. त्यांनी धरू दिला, पण इकडेतिकडे बघून घेतलं.

"बाबा, मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"काय करायचं म्हणजे? हो म्हणायचं," बाबा म्हणाले. "तुझं हे सिंगापूरचं स्थळ मीच आणलं होतं की."